येतो म्हणून गेलेला सिंह : हरिभाऊंच्या एका शीर्षकातील क्रियापद

कोकणात घराबाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो. देशावरही हीच रीत आहे. पण समुद्रावर पोट असलेल्या घरांत ती जास्त कडक पाळली जाते. माझे लहानपण मुरुडला गेले. घरातून शाळेला निघताना चुकून 'जातो' म्हटले की आई परत बोलावून घ्यायची, पाटावर बसवायची, घोटभर पाणी द्यायची आणि पुन्हा नीट म्हणायला लावायची. तेव्हा तो जाच वाटे. पुढे एका कादंबरीचे शीर्षक वाचताना तोच जाच आठवला, आणि गेली काही वर्षे मी त्याच्याच मागे आहे.

ती कादंबरी म्हणजे हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला'. माझ्याजवळची प्रत जुन्या बाजारातून घेतलेली आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या घराची कौले उडाली, तेव्हा ती भिजली. उन्हात वाळवल्यावर पाने फुगली आणि पुस्तक दुप्पट जाड झाले. टाळेबंदीचे दिवस होते, दुकान अर्धा वेळ बंद असे. फुगलेली पाने एकेक सोडवत मी कादंबरी पुन्हा वाचू लागलो आणि 'येणे' व 'जाणे' या क्रियापदांवर पेन्सिलीने खुणा करीत गेलो. काही दिवसांतच लक्षात आले, की नुसत्या मोजणीने काहीच हाती लागणार नाही. माणसे येतात, जातात, रात्र येते, बातमी येते. कोणत्याही मराठी कादंबरीच्या प्रत्येक पानावर ही रूपे असणारच. मग मी मोजणी सोडली आणि जिथे या क्रियापदावर कथेचा भार पडतो, तेवढ्याच जागा पाहायचे ठरवले. त्यांतली सर्वांत मोठी जागा मुखपृष्ठावर आहे.

हे शीर्षक बहुतेकांना शिवाजी महाराजांचे उद्गार म्हणूनच ठाऊक असते. कोंढाण्याची लढाई ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री झाली. तिची मराठीतली जुनी हकिगत कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. ही बखर राजाराम महाराजांसाठी जिंजीला, १६९७च्या सुमारास लिहिली गेली, म्हणजे लढाईनंतर साधारण सत्तावीस वर्षांनी. लिहिणारा शिवकाळ पाहिलेला माणूस होता. त्याने महाराजांच्या तोंडी घातलेले वाक्य आपल्या शीर्षकासारखेच आहे, पण तेच नाही. सभासदाच्या वाक्यात सिंह नाही. तिथे दोन्हीकडे गडच आहे : एक गड मिळाला आणि एक गड हातचा निघाला, असा त्याचा आशय. क्रियापदे पाहिली तर पहिल्या भागात 'घेणे' आहे आणि दुसऱ्या भागात 'जाणे'. 'येणे' तिथे नाहीच.

सिंह मराठीच्या बाहेरही भेटतो. ग्रँट डफच्या १८२६च्या इंग्रजी इतिहासात महाराज गुहा आणि सिंह यांची जोडी वापरतात : गुहा घेतली गेली, पण सिंह मारला गेला, या अर्थाने. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंह कथेत होताच. गडाच्या 'सिंहगड' या नावाचा संबंध लोक याच सिंहाशी जोडतात. पण १६६३ सालच्या, म्हणजे लढाईच्या सात वर्षे आधीच्या, महाराजांच्या पत्रात या गडाला सिंहगड म्हटलेले आहे. तेव्हा सिंहामुळे गडाला नाव मिळाले, यापेक्षा गडाच्या नावातून सिंह वाक्यात शिरला, हे मला जास्त संभवनीय वाटते. हरिभाऊंनी हे वाक्य स्वतः घडवले, असा माझा दावा नाही. त्यांनी ते शीर्षक केले. 'करमणूक'च्या वाचकांपासून पुढे प्रभातच्या १९३३च्या 'सिंहगड' बोलपटापर्यंत त्यांची कथा पोचली आणि तिच्याबरोबर हे वाक्य घरोघर गेले. आज सभासदाचे वाक्य अभ्यासकांना माहीत असते. हरिभाऊंचे शीर्षक सर्वांना पाठ असते.

मग 'घेतला'चा 'आला' झाल्याने काय बदलले?

पहिला बदल व्याकरणाचा आहे. 'घेणे' सकर्मक आहे. गड घेतला म्हटले की 'कोणी?' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. सभासदाने तो प्रश्न मोकळा ठेवलेला नाही. त्याच्या हकिगतीत उदेभान आणि तानाजी एकमेकांना भिडतात. तानाजीची ढाल तुटते आणि दुसरी ढाल वेळेवर मिळत नाही. तो डाव्या हाताचीच ढाल करतो. दोघेही पडतात. मग तानाजीचा भाऊ सूर्याजी हिंमत धरतो, उरलेल्या मावळ्यांना सावरतो आणि गड घेतो. गडावर आग लावली जाते. ती राजगडावरून दिसते, तेव्हा महाराज गड घेतला असेच म्हणतात. तानाजी पडल्याची बातमी त्यांना नंतर कळते. या सगळ्या हकिगतीत कर्ता कुठेही हरवत नाही.

'येणे' अकर्मक आहे. गड आला म्हटल्यावर 'कोणी?' असे विचारता येत नाही, 'कुठे?' एवढेच विचारता येते. पाऊस येतो, ताप येतो, पूर येतो, तसा गड येतो. मराठीत ज्या गोष्टी माणसाच्या हातात नाहीत त्या 'येतात'. सूर्याजी आणि त्याच्याबरोबरचे ते नाव नसलेले मावळे या क्रियापदाच्या बाहेर राहतात. दोर कापल्यामुळे त्यांना परत जाता येत नव्हते, अशी कथा लोकांत रूढ आहे. ज्यांना जाताच येत नव्हते त्यांनी गड घेतला. शीर्षकात मात्र जागा ज्याला जाता आले त्यालाच मिळाली. शाळेत मुले हे वाक्य म्हणून दाखवतात, तेव्हा गड कोणी घेतला असे मी एकदोन मुलांना विचारून पाहिले आहे. ती गोंधळतात, आणि तो गोंधळ वाक्यातलाच आहे.

इथे हरिभाऊंचेच दुसरे शीर्षक आठवते : 'पण लक्षात कोण घेतो'. दोन्ही शीर्षकांत 'पण' आहे, हे कदाचित पुष्कळांच्या लक्षात आले असेल. क्रियापदे मात्र उलट आहेत. यमूची कहाणी सांगताना हरिभाऊंनी 'घेणे' निवडले आणि 'कोण' हा प्रश्नही शीर्षकातच ठेवला. विधवेच्या दुःखाला जबाबदार कोण, ते बघायचे सोडून देणारे कोण, याचे उत्तर त्यांना वाचकाकडून हवे होते. तानाजीची कथा सांगताना त्यांनी 'घेणे' सोडले आणि त्याबरोबर 'कोण'ही सोडला. सामाजिक कादंबरीत त्यांना कर्ता पकडायचा होता. ऐतिहासिक कादंबरीत त्यांनी तो नियतीच्या हवाली केला. एकाच लेखकाने दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने केलेली ही दोन कामे एकमेकांशेजारी ठेवली, की त्याच्या मनातला इतिहास आणि त्याच्या मनातला वर्तमान यांतला फरक दिसतो.

इथपर्यंत माझे मत शीर्षकाच्या विरोधात होते. एका स्नेह्याने यावर आक्षेप घेतला, की आला आणि गेला यांचे यमक जुळते म्हणून वाक्य टिकले, त्यात एवढे काय शोधायचे. आक्षेप अर्धा बरोबर आहे. यमकामुळे ते टिकले हे खरे. पण 'घेतला' आणि 'गेला' यांचेही यमक जुळते. केवळ नादासाठी क्रियापद बदलायची गरज नव्हती. तेव्हा बदलाचे कारण अर्थातच शोधायला हवे, आणि ते शोधताना माझेच मत बदलत गेले.

'घेणे' कुठूनही बोलता येते. 'येणे' बोलायला मात्र एक जागा लागते. बोलणारा जिथे उभा आहे, तिकडे होणारी हालचाल म्हणजे येणे, आणि तिथून दूर होणारी हालचाल म्हणजे जाणे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात या क्रियापदांचे अर्थ लांबच लांब दिले आहेत, पण सगळ्यांच्या तळाशी ही जागा आहे. म्हणून गड आला हे कोंढाण्यावर उभे राहून बोलताच येत नाही. ते राजगडावरून, वाट पाहणाऱ्या माणसाने बोलायचे वाक्य आहे. सभासदाचे वाक्य हिशेब ठेवणाऱ्या राज्यकर्त्याचे आहे. १६६५च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना दिले गेले, त्यांत कोंढाणा होता. दिलेला गड घेतला, आणि त्या बदल्यात दुसरा गड गेला. राजकारणाच्या भाषेत 'गड गेला' म्हणजे हातून गेला. त्या वाक्यात तानाजी हा एक गडच आहे, आणि 'गेला' हा शब्द नुकसानीचा आहे. शीर्षकात मात्र 'गेला'चा कर्ता सिंह झाला, आणि त्यामुळे शब्द तोच राहून अर्थ पालटला. सिंह गेला म्हणजे वारला. घरात आपण मृत्यूसाठी वापरतो तो हा शब्द. म्हणजे क्रियापद बदलताच वाक्य दरबारातून उठून घराच्या ओट्यावर आले.

हा बदल कादंबरीला शोभतो, कारण तिच्यातल्या लढाईची सुरुवात घरातूनच होते. उमरठला रायबाचे लग्न निघालेले आहे. तानाजी राजगडावर जातो तो आमंत्रण घेऊन, म्हणजे 'या' म्हणायला. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातही हाच धागा आहे. तिथे जिजाबाई फासे टाकून डाव जिंकतात आणि पणात हा गड मागतात. 'या' म्हणायला गेलेल्या माणसाला दुसरीकडेच जावे लागते. आधी कोंढाण्याचे लग्न आणि मग रायबाचे, हे त्याच्या तोंडचे बोलणे महाराष्ट्राला ठाऊकच आहे. त्यातही एक येणे गृहीत आहे. मग रायबाचे, म्हणजे मी परत येईन. तानाजी सरळ 'जातो' म्हणत नाही. आमच्याकडच्या माणसासारखे तो 'येतो' असेच म्हणून निघतो.

कादंबरीतल्या दुसऱ्या कथानकातही हेच क्रियापद सापडते. राजपूत विधवा कमलकुमारी पतीमागे सती जायला निघालेली असताना उदयभानू तिला पळवतो आणि कोंढाण्यावर आणून ठेवतो. मराठीत बाई सती 'जाते'. सहगमन या संस्कृत शब्दातही तेच जाणे आहे. ती खरोखर स्वतः जाते की तिला नेले जाते, हा प्रश्न भाषा विचारतच नाही. विधवेच्या दुःखावर मोठी कादंबरी लिहिलेल्या हरिभाऊंनी या ऐतिहासिक कथेत मात्र सती जाणे हे पावित्र्याचे, आणि त्यापासून अडवणे हे पातकाचे ठरवले आहे. आजच्या वाचकाला इथे अडखळायला होते, आणि व्हायलाच हवे. पण रचना पाहिली तर कळते, की कादंबरी जायला निघालेल्या एका स्त्रीला अडवण्याने सुरू होते आणि ज्याला कोणीच अडवू शकत नाही अशा एका पुरुषाच्या जाण्याने तिचे नाव ठरते. मधल्या सगळ्या काळात कमलकुमारीच्या वाट्याला दुसऱ्यांची क्रियापदे येतात : पळवणे, आणणे, ठेवणे, सोडवणे. गड घेणाऱ्या मावळ्यांवर शीर्षकाने अन्याय केला असे मी म्हटले. तिच्यावरचा अन्याय त्याहून खोल आहे, कारण शीर्षकात तिचे ना येणे आहे ना जाणे.

आता एक जुना वाक्प्रचार. लढाईत मेलेल्या माणसाला मराठीत 'कामी आला' किंवा 'कामास आला' म्हणतात. बखरींच्या आणि पत्रांच्या भाषेत हा नेहमीचा आहे, आणि आजही तो मेलेला नाही. इथे मरण हे जाणे नसून येणे आहे. ज्या माणसांबरोबर तो लढला त्यांच्याकडून पाहिले तर तो कामी 'आला'. घरच्यांकडून पाहिले तर 'गेला'. मरण एकच असते. बोलणारा कुठे उभा आहे, त्यावर क्रियापद ठरते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे वडील मच्छीमार बोटीवर खलाशी होते. मी शाळेत असताना, पावसाच्या तोंडाशी, राजपुरीच्या खाडीत दुसऱ्या कोणाची होडी सुटून खडकाकडे निघाली होती. ती वाचवायला चौघे गेले. तिघे परत आले. होडीही परत आली. दुसऱ्या दिवशी त्या होडीचा नाखवा आमच्या दारात बसून आईला म्हणाला, "वहिनी, तो आमच्या कामी आला." आईने मान वर केली नाही. पुढे कित्येक वर्षे कोणी विचारले की ती एवढेच म्हणे, "येतो म्हणून गेले." नाखवा खोटे बोलत नव्हता. तो कृतज्ञ होता, आणि त्याच्याजवळ त्याहून मोठा शब्द नव्हता. पण त्याचा शब्द आईच्या उपयोगाचा नव्हता. मी पुढे दहावीनंतर शिकलो नाही, दुकानात बसलो आणि मिळेल ते वाचत गेलो. हरिभाऊंचे शीर्षक पुन्हा समोर आले तेव्हा लक्षात आले, की त्यात आईचेच वाक्य आहे. होडी आली, माणूस गेला.

म्हणून 'आला' या शब्दाविषयीची माझी तक्रार आता पहिल्याइतकी सरळ राहिलेली नाही. 'घेतला'मध्ये न्याय आहे. ज्यांनी केले त्यांना श्रेय मिळते. 'आला'मध्ये तो न्याय नाही. पण घरी थांबलेल्या माणसाला 'घेतला' म्हणता येत नाही, कारण त्याने काही घेतलेले नसते. त्याच्या वाट्याला फक्त जे परत येते आणि जे येत नाही तेवढेच असते. हरिभाऊंनी निवडलेले वाक्य त्या माणसाला बोलू देते. इतिहासाचा अभ्यास करायचा तर सभासदाकडे जायला हवे, आणि मुलांना सूर्याजीचे नाव सांगायला हवे. शोक करायचा तर हरिभाऊंचे शीर्षक जवळचे आहे. एक वाक्य दुसऱ्याच्या जागी ठेवले, की दोघांचेही नुकसान होते. गेली शंभर वर्षे आपण तेच करीत आलो आहोत.

आमच्या गावापुरते सांगायचे तर या दोन क्रियापदांचा तिसरा नमुना रोज डोळ्यांसमोर असतो. राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला निघालेल्या पर्यटकांना हा किल्ला कोणालाही 'घेता आला नाही' असे सांगितले जाते. संभाजी महाराजांनी १६८२मध्ये खाडीत भराव टाकून तिथपर्यंत वाट करायचा प्रयत्न केला, तोही निष्फळ ठरला. 'घेता आला नाही' यात 'घेणे' आणि 'येणे' एकत्र आहेत. मराठीत माणसाचे सामर्थ्यही 'येते', आणि ते आले नाही तर घेणे घडत नाही. १९४८मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. कोणी तट चढले नाही, कोणी दोर कापले नाहीत. तेव्हा जंजिऱ्याविषयी गड आला हे क्रियापद अगदी अचूक आहे. कोंढाण्याविषयी ते तितके अचूक नाही. तो रक्त सांडून घेतलेला आहे.

शेवटची गोष्ट उमरठची. हे गाव आमच्याच रायगड जिल्ह्यात, पोलादपूर तालुक्यात आहे, आणि तानाजीची समाधी तिथे आहे. त्याचे शव ज्या घाटाने खाली कोकणात उतरवले, त्याला मढे घाट म्हणतात, अशी परंपरा सांगते. मी समाधीपाशी गेलो होतो तेव्हा दुपार होती आणि आवारात एक म्हातारी झाडलोट करीत होती. कुठून आलात, असे तिने विचारले. मुरुडहून, म्हटले. मग मीच विचारले, की तानाजी मालुसऱ्यांना इथे आणले ते खरे का. तिने झाडू थांबवला नाही. "आणले कशाला म्हणता," ती म्हणाली, "ते लग्नाला आले."

राजगडावरून पाहिले तर सिंह गेला. उमरठहून पाहिले तर तो घाट उतरून घरी आला. मी निघताना तिला 'येतो' म्हटले.